मारिकाच्या सुट्ट्या आणि नियम नंबर चौदा

मारिका आमच्याकडे राहायला येणार हे ठरलं आणि चार रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. परदेशी मुलगी, सात महिने आपल्या घरात, तिला तिखट सोसेल का, डास चावतील का, या काळज्या मी दिवसाच उरकून घेतल्या होत्या. रात्रीसाठी एकच राखून ठेवली होती. आमची जुई आणखी गप्प झाली तर?

जुई साडेचार वर्षांची. घरात अखंड बडबड. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. ज्युनियर केजी सुरू होऊन तीन महिने झाले तरी शाळेत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. मीटिंगला टीचरनी मला हळूच विचारलं, "घरी बोलते ना?" म्हटलं, "मॅडम, घरी तिला थांबवावं लागतं." सगळ्या आया असंच म्हणतात, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एप्रिलच्या मीटिंगपर्यंत वाट बघू. मग मात्र एखाद्या तज्ज्ञाला दाखवा," म्हणाल्या. आमचे डॉक्टर म्हणाले, "मागे लागू नका, आपोआप बोलेल." मी मागे लागत नाही. दिवसातून शंभर वेळा तिच्या तोंडाकडे बघते, एवढंच.

तर बाहेरच्यांसमोर न बोलणारी मुलगी, आणि बाहेरचं माणूस थेट आमच्या हॉलमध्ये! म्हणजे बोलायची उरलेली एकुलती एक जागाही गेली.

बाकी किस्से कसे साठतात म्हणाल, तर पिशव्यांच्या पिशवीसारखे. प्रत्येक घरात दाराच्या मागे ती लटकत असते. आपण मुद्दाम एकही पिशवी आणलेली नसते. एक ओढायला जावं तर सात बाहेर येतात. मारिकाचंही तसंच झालंय. ओढा एक.

*

मारिका एस्टोनियाची. वय सत्तावीस. जवळच्या मुर्धा गावात आमचा संध्याकाळचा एक वर्ग चालतो, तिथे मी आठवड्यातून तीन दिवस फुकट शिकवते. तीही तिथेच फुकट शिकवायला आली होती, फक्त जरा लांबून. ज्यांच्याकडे ती राहणार होती त्यांच्या घरी ऐन वेळी रंगकाम निघालं. "आता कोण ठेवून घेईल?" असा प्रश्न वर्गाच्या मीटिंगमध्ये आला, तेव्हा सगळे खाली बघायला लागले. मला खाली बघायला अर्धा सेकंद उशीर झाला.

पहिल्याच दिवशी माझी काळजी पन्नास टक्के खरी ठरली. मारिका हॉलमध्ये असली की जुई तोंड उघडेना. पण मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन कानात अख्खी भाषणं द्यायची. "आई, तिला सांग, तिचा मोजा फाटलाय." मग मी हॉलमध्ये जाऊन सांगायचे. मारिका म्हणायची, "तिला सांग, मला माहीत आहे." मी परत स्वयंपाकघरात.

स्वतःच्याच घरात मी दुभाषी झाले, तेही बिनपगारी. त्याची सवय होतीच म्हणा.

*

मारिकाला आमच्या घरात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर भिंतीवरचं कॅलेंडर. लाल तारखा मोजून ती म्हणाली, "एवढ्या सुट्ट्या? मग तुम्ही शाळा कधी भरवता?" आणि त्याच दिवशी तिनं ठरवलं, जेवढ्या लाल तारखा, तेवढा देश बघायचा. एकटीनं.

यातला 'एकटीनं' हा भाग आमच्या सासूबाईंच्या डोक्यात शिरेना.

"उद्या मी उत्तनच्या समुद्रापर्यंत चालत जाणार," मारिकानं जाहीर केलं. मी भाषांतर केलं.

"कोण कोण?" सासूबाई.

"मी."

"ते कळलं. आणि?"

"आणि कोणी नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "कुणाशी भांडली का गं ही?"

दुसऱ्या दिवशी मारिका एकटीच फिरायला गेली. सोबत मी, नवरा निखिल, कडेवर जुई, सासूबाई, सासूबाईंच्या भजनातल्या दोघीजणी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शहा आंटी. राई गावापर्यंत सगळे चालले. तिथून दोन रिक्षा केल्या, कारण शहा आंटींच्या हातात ढोकळ्याचा डबा होता आणि तो जड होता.

संध्याकाळी मारिकानं आईला फोनवर काय सांगितलं, ते मी विचारलं. म्हणाली, "सांगितलं, आज मी एकटी फिरायला गेले होते. आठ जण होतो."

*

मारिकाची एक निळी वही होती. आमच्याकडच्या रीती ती त्यात नंबर घालून लिहायची. नियम एक, चप्पल बाहेर. नियम सहा, 'नको' तीनदा म्हटल्याशिवाय ते 'नको' धरत नाहीत. असे.

नियम नंबर चौदा माझ्यामुळे झाला.

दोन ऑक्टोबरला जोडून सुट्टी आली. मारिका नाशिकला निघाली. बोरिवलीहून एसटी होती, खाली रिक्षा उभी. ती चार जिने उतरून फाटकापर्यंत पोचली, आणि मला गॅलरीत काळजीचा झटका आला. मी वरून ओरडले, "मारिकाऽऽ, चार्जर घेतलास का?"

सासूबाई पोळी लाटता लाटता थांबल्या. "मागून हाक मारलीस?"

मी जीभ चावली. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. पण माझी काळजी माझ्या आधी जन्मलेली असावी.

मग सोपस्कार! मारिकाला परत वर बोलावलं. चार जिने. लिफ्ट 'लवकरच' येणार आहे, गेली सहा वर्षं. तिला खुर्चीवर बसवलं. हातात पाण्याचा ग्लास दिला. "मागून हाक आली की परत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं, मग नव्यानं निघायचं," सासूबाईंनी समजावलं. मी भाषांतर केलं. मारिकानं वही काढून तिथल्या तिथे लिहून घेतलं आणि घाईघाईनं ग्लास तोंडाला लावला.

"हळूहळू पी गं," सासूबाई म्हणाल्या, "ठसका लागेल."

मारिका हळूहळू प्यायली. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. दुसरी रिक्षा मिळेपर्यंत तिकडे एसटी सुटली. जुई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती, सिनेमा बघावा तशी.

मारिका दुसऱ्या दिवशी गेली. संध्याकाळी तिचा कुणा दुसऱ्याच्या नंबरवरून फोन आला. पोचले, सगळं छान आहे, पण माझा चार्जर तिथे टेबलावर आहे का, जरा बघता?

होता.

*

नंतरची सुट्टी पालीची. आमच्या वर्गात मुलींना शिवण शिकवणाऱ्या ग्रेसीताई उत्तनजवळच्या पालीच्या. समुद्राला लागून घर. "ये गो रविवारी," त्यांनी मारिकाला बोलावलं, "दर्या बघ, आराम कर." मी आणि जुई सोबत.

पोचलो तर दारापुढे ताजे बोंबील टोपल्यांनी पडलेले, आणि घरातल्या बायका ते बांबूच्या मांडवावर वाळत घालताहेत. मारिका हरखलीच! हा कोन, तो कोन, फोटोवर फोटो.

ग्रेसीताईंच्या सासूबाई पाच मिनिटं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फोटू झालं असंल तं हात लाव गो जरा."

मारिकानं हात लावला तो दुपारी तीनपर्यंत. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवायचा, जोडी बांबूवर टाकायची. तिच्या शेजारी जुई पाटावर बसून जोड्या लावून देत होती. दोघी चार तास एकमेकींशी एक शब्द न बोलता, यंत्रासारख्या.

माझं लक्ष अर्थात जुईच्या तोंडाकडे. तेवढ्यात ग्रेसीताईंच्या त्या म्हाताऱ्या सासूबाईंनी विचारलंच, "नाव काय गो तुजा?"

जुई गप्प. मी पुढे सरसावले. "आजी, ती जरा लाजते, म्हणजे घरी खूप बोलते हं, पण..."

"ऱ्हाव दे गो," आजी म्हणाल्या. "बोंबील तरी कवा बोलतो? पन त्याच्याबिगर आमचा पान हालत न्हाय."

माझं सांत्वन झालं की नाही, ते अजून ठरवता आलेलं नाही.

येताना वानवळा म्हणून आजींनी एवढी मोठी पिशवी भरून सुके बोंबील दिले. मारिका बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसली. हळूहळू आमच्या आजूबाजूच्या चार सीट रिकाम्या झाल्या. मारिकानं वही काढली. "लोक किती चांगले आहेत! पाहुण्यांना जागा देतात."

मी खिडकीबाहेर बघितलं. सगळ्याच गोष्टींचं भाषांतर करायचं नसतं.

*

दिवाळीत मारिकाला माझ्या माहेरी पाठवलं, साताऱ्याला. या वेळी ती खरंच एकटी जाणार होती, म्हणून मी कंडक्टरला गाठलं. "मामा, ही आमची पाहुणी. साताऱ्याला माझे बाबा न्यायला येतील. जरा लक्ष ठेवा हं. पोचली की मला फोन करा." आणि त्यांच्या तिकिटांच्या मशिनला माझा नंबर चिकटवून आले.

पनवेलला पहिला फोन. "मॅडम, पाहुणी जागी आहे."

घाटाच्या आधी दुसरा. "पाहुणीनं वडापाव खाल्ला. तिखट लागला. पाणी दिलं."

पुण्याला तिसरा. "पाहुणी खाली उतरली होती. परत चढली. मोजून घेतली."

मी प्रत्येक वेळी "हो का, हो का, बरं झालं" म्हणत होते. निखिल म्हणाला, "अगं, ती चौदा देश फिरलीये." मी म्हटलं, "तिथे कंडक्टर असतील."

साताऱ्याला बाबा स्टँडवर उभेच होते. मारिका त्यांना बघून हात हलवायला लागली, तर कंडक्टरमामा दारात आडवे. "तुम्ही कोण?" बाबांनी सांगितलं. "पुरावा?" बाबांनी मला फोन लावून दिला. मामांनी माझा आवाज ओळखला, खात्री केली. तरी समाधान होईना. तिकिटाच्या मागच्या बाजूला त्यांनी काहीतरी खरडलं आणि पेन बाबांच्या हातात दिलं.

"'पाहुणी चांगल्या स्थितीत मिळाली.' इथं सही करा."

तो कागद मारिकाच्या वहीत चिकटवलेला आहे.

*

डिसेंबरात मी एकदा मारिकासमोर रडले. शाळेच्या गॅदरिंगला जुई फुलपाखरू झाली होती आणि बाकीची फुलपाखरं गात असताना आमचं फुलपाखरू ओठ घट्ट मिटून समोर बघत होतं. घरी आल्यावर मी मारिकाला सगळं सांगितलं. टीचर, एप्रिल, तज्ज्ञ, सगळं. आणि हेही सांगितलं, की मी गरोदरपणात फार काळजी करायचे, म्हणून तर असं झालं नसेल?

"माझे आजोबा," मारिका म्हणाली, "सकाळी खिडकीतून बघून 'बर्फ' म्हणायचे. संध्याकाळी पुन्हा बघून 'अजून' म्हणायचे. दिवसभरात एवढंच."

"आणि आजी?"

"आजी म्हणायची, म्हातारपणी फार बोलके झालेत."

मी रडता रडता हसले. मग मारिका म्हणाली, "जुई मला रोज सगळं सांगते. फक्त तुझ्या तोंडून." मी तिला चहा विचारला. ती तीनदा 'नको' म्हणाली. मी ठेवलाच.

*

सोसायटीची पिकनिक निघाली, विरारपलीकडच्या एका रिसॉर्टला. बसमध्ये अंताक्षरी. शहा आंटी माइक घेऊन सीटसीटवर फिरत होत्या. माणूस गायल्याशिवाय पुढे सरकायच्याच नाहीत.

आमच्या सीटपाशी आल्या. खिडकीला जुई, शेजारी मारिका. "बेटा, गाओ! अच्छा, गाओ मत, सिर्फ नाम बताओ. चॉकलेट मिलेगा!" माइक जुईच्या नाकाला टेकला. जुईनं मारिकाचा हात धरला.

शहा आंटींनी माइक मारिकाकडे वळवला. "अच्छा, तुम गाओ।" मारिकानं आधी जुईकडे बघितलं, मग माइककडे, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. अगदी फुलपाखरासारखे!

अख्खी बस वाट बघतेय. दोघी समोर बघताहेत. शहा आंटींनी पर्समधून दोन चॉकलेटं काढली, दोघींच्या हातावर एकेक ठेवलं आणि मागे वळून माइकमध्ये सांगितलं, "छोड़ो, दोनों बच्चियाँ शर्माती हैं।"

जुई घरी येईपर्यंत मारिकाच्या मांडीवर झोपली होती. माझी मांडी शेजारीच रिकामी होती, हे मी मुद्दाम नमूद करते.

*

जानेवारीतली हंपी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण त्यात मी सगळ्यात जास्त वाईट दिसते.

सव्वीस जानेवारीला जोडून मारिका हंपीला निघाली. जाताना कुणीही हाक मारली नाही. मी तर तोंडावर हात ठेवून उभी होते. पण दुसरा दिवस उजाडला तरी फोन नाही. दहा वाजले, नाही. अकरा वाजले, फोन बंद. मी निखिलला ऑफिसातून उठवलं. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. मी हंपीच्या तीन हॉटेलांना फोन लावले आणि तिन्ही ठिकाणी रडले. तिसऱ्या हॉटेलचा माणूस कानडीत माझं सांत्वन करत होता.

तेवढ्यात शहा आंटी फोन घेऊन वर आल्या. त्यांची कामवाली खारी गावातली. तिनं स्टेटस ठेवला होता, काल तिच्या भाच्याची हळद. मांडवात बायकांचा घोळका नाचतोय, आणि मध्यभागी, नऊवारीत, तोंडाला कानापर्यंत हळद फासलेली, मारिका.

झालं असं, की बाईसाहेब बसच्या आधी चार्जर घ्यायला स्टेशनच्या पुलापलीकडे ईस्टला गेल्या. होय, चार्जर! खारीत दुकान शोधता शोधता मांडवापाशी पोचल्या. एका आजीनं म्हटलं, "आलीयेस तं जेवून जा." मारिका 'नको' म्हणाली. पण दोनदाच.

हंपीला निघालेली माझी पाहुणी घरापासून पंधरा मिनिटांवर दोन दिवस राहून, लग्न लावून, पिवळी होऊन परत आली. मी दार उघडलं, आणि इतकी चिडले होते की तोंडातून शब्दच फुटेना. जुई माझ्याकडे आ वासून बघत राहिली. नंतर स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाली, "आई, तू मावशीसमोर का बोलत नाहीस?"

*

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मारिका परत निघाली. शाळेची मीटिंग पुढच्या सोमवारी होती. सात महिन्यांत जुई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी हिशेब सोडून दिला होता, म्हणजे सोडून दिला असं सगळ्यांना सांगत होते.

दुपारची वेळ. खाली टॅक्सी. फाटकापाशी निरोपाला अर्धी बिल्डिंग. ग्रेसीताई पालीहून आल्या होत्या, पिशवीत सुके बोंबील घेऊन. ते विमानात चालणार नाहीत हे कुणी त्यांना सांगितलं नाही. सासूबाईंनी मारिकाच्या हातावर दही घातलं. चार्जर मी स्वतःच्या हातानं तिच्या बॅगेत ठेवला होता, तीन वेळा तपासला होता.

"आता एक ऐका," सासूबाईंनी सगळ्यांना बजावलं. "ती वळली की कुणी मागून हाक मारायची नाही. विमान आहे, एसटी नाही." आणि खास माझ्याकडे बघितलं. मी ओढणी तोंडात धरली.

मारिका जुईपाशी खाली बसली. काही बोलली नाही. जुईही नाही. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली, ऑफिसातली माणसं हलवतात तशी. मारिका उठली, वळली, टॅक्सीकडे निघाली. दार उघडलं. एक पाय आत.

"मावशीऽऽ!"

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं मूल. सगळे इकडेतिकडे बघायला लागले. शहा आंटींनी माझा दंड धरला, एवढा घट्ट की तो नंतर दोन दिवस दुखत होता.

मारिकानं पाय बाहेर काढला. बॅग टॅक्सीत ठेवली आणि ती चालत परत आली. वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. नियम नंबर चौदा. सासूबाई वॉचमनच्या माठापाशी गेल्या आणि त्यांनी ग्लास भरून तिच्या हातात दिला.

"मॅडम, फ्लाइट छूट जाएगी," टॅक्सीवाला म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

जुई माझा हात सोडून पुढे गेली. खुर्चीला टेकून उभी राहिली. मारिका ग्लास तोंडाशी नेऊन थांबली. आता ही 'जाऊ नकोस' म्हणणार आणि मी सगळ्यांसमोर हुंदका देणार, हे मी मनात पक्कं केलं होतं.

जुईनं एक हात मारिकाच्या गुडघ्यावर ठेवला आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हळूहळू पी हं."